ओशा १० आणि ओशा ३० चं कार्ड: मिळवायचं कसं, चूक दुरुस्त कशी करायची आणि हरवलं तर काय करायचं

ओशा म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था. तुम्ही ओशाचं ट्रेनिंग घेतलं असलं तरी ओशाकडे तुमची वैयक्तिक नोंद नसते. कार्ड हरवलं की बरेच जण आधी ओशाच्या ऑफिसला फोन लावतात. तिथून 'तुमच्या ट्रेनरशी बोला' असं उत्तर येतं, आणि तेव्हा लक्षात येतं की ट्रेनरचं नावच आठवत नाही. कार्डावर अमेरिकेच्या कामगार खात्याचं नाव असतं हे खरं, पण ते तुमच्या हाती ट्रेनरकडूनच येतं. त्यातली चूक त्याच्यामार्फतच दुरुस्त होते आणि हरवल्यावर दुसरं कार्डही तोच मागवतो. म्हणून ट्रेनरचं पूर्ण नाव, वर्गाच्या तारखा आणि कार्ड काढून देणाऱ्या संस्थेचं नाव आजच कुठेतरी लिहून ठेवा. आज पुढचं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं करा.

अमेरिकेत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकून पहिल्या साइटवर निघालेली मुलंमुली, प्रोजेक्ट इंजिनिअर, कारखान्यात किंवा वेअरहाउसमध्ये काम करणारे आणि अशा लोकांना कामावर घेणारे छोटे मराठी कंत्राटदार, या सगळ्यांना उपयोगी पडेल असं लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

कार्ड म्हणजे काय आणि काय नाही

कामाच्या जागी सुरक्षा असावी यासाठीचा अमेरिकेचा कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७१ मध्ये ओशाचं काम सुरू झालं. कामगारांना धोके ओळखायला आणि स्वतःचे हक्क जाणून घ्यायला शिकवणारा 'आउटरीच ट्रेनिंग प्रोग्रॅम'ही तेव्हापासूनचाच. त्यात मुख्य अभ्यासक्रम दोन. १० तासांचा सर्वसाधारण कामगारांसाठी आणि ३० तासांचा सुपरवायझर किंवा ज्यांच्यावर इतरांच्या सुरक्षेची थोडीफार जबाबदारी आहे त्यांच्यासाठी. ३० तासांसाठी आधी १० तासांचा करावा लागत नाही. थेट ३० ला बसता येतं.

हे कार्ड परवाना नाही आणि सर्टिफिकेशनही नाही. तुम्ही अमुक तास बसून प्रशिक्षण पूर्ण केलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे रेझ्युमेवर 'ओशा सर्टिफाइड' असं लिहू नका. 'ओशा ३० तास, कन्स्ट्रक्शन, पूर्ण' आणि पुढे वर्ष, असं लिहा. सेफ्टी मॅनेजरच्या नजरेला हा फरक लगेच दिसतो, आणि नेमकं लिहिणाऱ्याबद्दल त्याचं मत चांगलं होतं.

दुसरं, कार्ड आहे म्हणून कामानुरूप वेगळं प्रशिक्षण टळत नाही. बांधकामात ६ फूट किंवा त्याहून उंचावर काम असेल तर पडण्यापासून संरक्षण द्यावं लागतं आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण मालकाने द्यायचं असतं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचं मूल्यमापन निदान दर ३ वर्षांनी व्हावं लागतं. घातक कचऱ्याच्या जागी काम करणाऱ्यांना दरवर्षी ८ तासांची उजळणी असते. यातलं काहीही ओशा १० किंवा ३० च्या कार्डाने भागत नाही. 'तुझ्याकडे ओशा ३० आहे ना, मग चढ वर' असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

आधी ठरवा: कोणतं कार्ड हवं

इथे होणारी चूक पुढे दुरुस्त होत नाही. पुन्हा पैसे भरून पुन्हा वर्गात बसावं लागतं.

आउटरीच प्रोग्रॅममध्ये कन्स्ट्रक्शन, जनरल इंडस्ट्री आणि मॅरिटाइम असे वेगवेगळे विभाग आहेत. आपत्तीनंतरच्या जागी काम करणाऱ्यांसाठी एक निराळा अभ्यासक्रमही आहे. कन्स्ट्रक्शन म्हणजे इमारती, पूल, रस्ते, पाडकाम, मोठी दुरुस्ती. जनरल इंडस्ट्री म्हणजे कारखाने, गोदामं, हॉस्पिटलं वगैरे. मॅरिटाइम म्हणजे जहाजबांधणी आणि बंदरं. घाईत वेबसाइटवर जे आधी दिसलं ते घेतलं आणि कन्स्ट्रक्शनऐवजी जनरल इंडस्ट्रीचं कार्ड आलं, तर बांधकामाच्या साइटवर ते चालणार नाही. दोन्हींवर 'ओशा ३०' असतं म्हणून ती एकच आहेत असं समजू नका.

कारखान्यात नोकरी आहे पण काम नवीन शेड उभारण्याचं आहे, अशा वेळी मालकाला किंवा मुख्य कंत्राटदाराला लेखी विचारा. तीन प्रश्न पुरेत: १० की ३०? कन्स्ट्रक्शन की जनरल इंडस्ट्री? ऑनलाइन चालेल की समोरासमोरचंच हवं? उत्तर मेलवर घ्या.

संघराज्याच्या पातळीवर हे प्रशिक्षण ऐच्छिक आहे. सक्ती येते ती राज्यांकडून, शहरांकडून, युनियनकडून किंवा कंत्राटातून, आणि प्रत्येकाची अट वेगळी. न्यूयॉर्क राज्यात अडीच लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटावर काम करणाऱ्या कामगारांना ओशा १० लागतं. मिझुरीत सार्वजनिक कामांवर रुजू झाल्यापासून ६० दिवसांत १० तासांचं प्रशिक्षण पूर्ण करायचं असतं. नेवाडात बांधकाम कामगाराला १० आणि सुपरवायझरला ३०, तेही कामावर घेतल्यापासून १५ दिवसांत. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर यांचेही सार्वजनिक कामांसाठी नियम आहेत. राज्य बदलून कामाला जाणार असाल तर आधीच्या राज्यात कार्ड चाललं एवढ्यावर विसंबू नका.

ट्रेनर खरा आहे ना?

ट्रेनर ओशाचा नोकर नसतो. तो ओशाच्या नियमांनुसार अधिकृत झालेला असतो. त्यासाठी त्याला त्या क्षेत्रातला सुरक्षेचा अनुभव लागतो, आधी मानकांचा कोर्स आणि मग ट्रेनर कोर्स करावा लागतो. कन्स्ट्रक्शनसाठी हे कोर्स अनुक्रमे ५१० आणि ५०० या क्रमांकांचे, जनरल इंडस्ट्रीसाठी ५११ आणि ५०१. ही मान्यता दर ४ वर्षांनी नूतनीकरण करून टिकवायची असते. ट्रेनरकडे स्वतःचं कार्ड असतं आणि त्यावर मुदत असते. ते दाखवायला सांगण्यात काहीही उद्धटपणा नाही. चांगला ट्रेनर स्वतःहून दाखवतो.

ओशाच्या संकेतस्थळावर ज्या ट्रेनरनी नाव जाहीर करायला संमती दिली आहे त्यांची यादी असते. मान्यता स्थगित किंवा रद्द झालेल्यांची वेगळी यादीही असते. पैसे भरण्याआधी दोन्ही पाहा. ऑनलाइन कोर्सच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ऑनलाइन शिकवण्याची मान्यता मोजक्याच संस्थांना आहे आणि त्यांची नावं ओशाच्याच पानावर मिळतात. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली जाहिरात त्या यादीतल्या संस्थेची असेलच असं नाही.

शंका घ्यावी अशी काही लक्षणं आहेत. 'एका दिवसात ओशा ३०' असं कोणी सांगत असेल तर तिथून निघा. दिवसाला जास्तीत जास्त साडेसात तास शिकवता येतं. म्हणजे १० तासांना कमीत कमी दोन दिवस आणि ३० तासांना कमीत कमी चार दिवस लागतात. जेवणाची सुट्टी या तासांत धरत नाहीत. 'तुम्ही नाही आलात तरी चालेल, फक्त नाव द्या' असं म्हणणारा माणूस तुम्हालाही गोत्यात आणतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि भाषा. मालकाने द्यायचं सुरक्षा प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत आणि शब्दांत असावं, हे ओशाने २०१० मध्ये धोरण म्हणून स्पष्ट केलं आहे. इंग्रजी कळतं पण झरझर कळत नाही, अशी आपल्यातल्या अनेकांची स्थिती असते. वर्गात हात वर करून 'पुन्हा सांगा' म्हणा. कन्स्ट्रक्शनच्या १० तासांपैकी ४ तास चारच धोक्यांसाठी राखलेले आहेत: उंचावरून पडणं, वस्तू किंवा वाहन आदळणं, यंत्रात किंवा दोन वस्तूंच्या मध्ये सापडणं आणि विजेचा धक्का. बांधकामावर माणसं मरतात ती प्रामुख्याने यांनीच, आणि त्यातही सर्वांत जास्त पडून. हे चार तास नीट समजून घेतलेत तरच त्या कार्डाला अर्थ आहे.

नाव: आपल्या लोकांची खरी अडचण

कार्डावर तुमचं नाव येतं ते ट्रेनरने पाठवलेल्या यादीवरून, आणि ती यादी बनते तुम्ही हजेरीच्या कागदावर जे लिहिता त्यावरून. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर बऱ्याचदा पहिली दोन एकाच रकान्यात असतात. कोणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि मग अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं येतात. काहींच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरही तीच उतरतात. वर्गात माणूस सवयीने 'सचिन पाटील' लिहितो, गेटवर ओळखपत्र दाखवतो त्यावर 'सचिन रामचंद्र पाटील', आणि कंपनीच्या नोंदीत 'सचिन आर. पाटील'. प्रत्येक वेळी समजावत बसावं लागतं.

यावर माझा सल्ला असा: साइटच्या गेटवर जे फोटो ओळखपत्र दाखवणार आहात, त्यावरचं नाव अक्षरशः तसंच्या तसं कार्डावर यावं. बहुतेकांच्या बाबतीत ते राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी असतं. तिथे मधलं नाव असेल तर इथेही लिहा, नसेल तर लिहू नका. हजेरीच्या कागदावर मोठ्या, सुट्या छापील अक्षरांत लिहा. आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग ट्रेनरला अंदाजाने येत नाही. दीक्षित, कुळकर्णी, क्षीरसागर, ज्ञानेश्वर ही नावं ऐकून बरोबर लिहिणारा परका माणूस विरळा. तेव्हा तोंडी सांगून मोकळे होऊ नका.

शेवटच्या दिवशी निघण्यापूर्वी ट्रेनरला विनंती करा की यादीतली तुमची ओळ एकदा दाखवा. त्या ओळीत नाव, कोर्सचा प्रकार आणि तास बरोबर आहेत ना ते पाहा. नंतरची महिन्यांची धावपळ या दोन मिनिटांनी वाचते. पोस्टाने कार्ड येणार असेल तर पत्ताही तपासा. विद्यार्थी उन्हाळ्यात घर बदलतात आणि कार्ड जुन्या रूममेटच्या पेटीत जाऊन पडतं.

ऑनलाइन कोर्समध्ये प्रोफाइल बनवताना टाकलेलं नावच शेवटी कार्डावर येतं, म्हणून पहिला धडा उघडण्याआधी ते तपासा. आणखी एक: नोंदणीपासून ६ महिन्यांत कोर्स संपवावा लागतो. निम्मा करून ठेवला आणि सेमिस्टरच्या परीक्षेनंतर करू म्हटलं, की मुदत संपते आणि सगळं पहिल्यापासून.

वर्ग संपल्यापासून कार्ड हातात येईपर्यंत

ट्रेनर स्वतः कार्ड छापत नाही. तो वर्गाचा अहवाल आणि विद्यार्थ्यांची यादी आपल्या 'ऑथोरायझिंग ट्रेनिंग ऑर्गनायझेशन'कडे, म्हणजे त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे, पाठवतो. ही बहुतेक वेळा ओशाने निवडलेलं एखादं ओटीआय (ओशा ट्रेनिंग इन्स्टिट्यूट) एज्युकेशन सेंटर असते, जसं जॉर्जिया टेक किंवा यूसी सॅन दिएगो इथलं. तिथे कागद तपासले जातात, कार्डं निघतात आणि ट्रेनरकडे जातात, मग ट्रेनर तुम्हाला देतो. वर्ग संपल्यापासून ३० दिवसांत ट्रेनरने कागद पाठवायचे आणि ९० दिवसांत विद्यार्थ्याच्या हाती कार्ड द्यायचं, असा नियम आहे.

म्हणजे दुसऱ्या आठवड्यात फोन करून ट्रेनरवर रागावण्यात अर्थ नाही. महिना झाला की मात्र विचारा, 'अहवाल पाठवला का, आणि कोणत्या संस्थेकडे पाठवला?' यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, कारण पुढे ट्रेनर गाठता आला नाही तर दार ठोठावायचं ते त्याच संस्थेचं. उत्तर जपून ठेवा.

तोवर साइटवर काय दाखवायचं? वर्ग पूर्ण झाल्याचं पत्र किंवा प्रमाणपत्र ट्रेनरकडून मागून घ्या. त्यावर तारीख, तास, कोर्सचा प्रकार आणि ट्रेनरची सही हवी. ऑनलाइन संस्था बहुधा कोर्स संपताच असं प्रमाणपत्र देतात. ते मानायचं की नाही हे मुख्य कंत्राटदार ठरवतो, तेव्हा कामावर जायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी विचारा. सार्वजनिक कामाचं कंत्राट असेल तर बऱ्याचदा प्रत्यक्ष कार्डाचाच आग्रह असतो.

९० दिवस उलटून गेले तर आधी ट्रेनरला लेखी, मग त्याच्या संस्थेला. तरीही काही हललं नाही तर ओशाच्या 'डायरेक्टोरेट ऑफ ट्रेनिंग अँड एज्युकेशन'कडे तक्रार करता येते. हा विभाग इलिनॉयमधल्या आर्लिंग्टन हाइट्सला आहे आणि आउटरीच प्रोग्रॅमवर देखरेख तोच ठेवतो. फोनवर झालेलं बोलणंही नंतर मेलवर दोन ओळींत लिहून पाठवा, म्हणजे तारीख नोंदली जाते.

कार्ड आलं आणि त्यात चूक आहे

लिफाफा उघडला की कार्ड लगेच वाचा. बरेच जण कार्ड थेट पाकिटात सरकवतात आणि वर्षभराने गेटवरच्या माणसाला चूक दिसते. नाव, कोर्सचा प्रकार, १० की ३०, तारीख आणि ट्रेनरचं नाव पाहा. कार्डावर क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून तिथे दिसणारी माहिती कार्डाशी जुळते का तेही पाहा.

चूक दिसली तर कार्डावर पेन लावू नका. एक अक्षर कमी आहे म्हणून ते बारीक लिहून भरलं, तर खरं कार्ड खोट्यासारखं दिसायला लागतं आणि ते जप्त झालं तर तुमची बाजू लंगडी पडते.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढा आणि ट्रेनरला मेल करा. मेलच्या विषयातच नाव, कोर्स आणि वर्गाची तारीख येऊ द्या, कारण त्याच्याकडे असे अनेक वर्ग असतात. मजकुरात एवढं पुरे: वर्ग कुठे आणि कधी झाला, कार्डावर काय छापलं आहे, त्याऐवजी काय हवं, आणि आता कार्ड कोणत्या पत्त्यावर पाठवायचं. बरोबर नाव स्वतंत्र ओळीत, मोठ्या अक्षरांत. सोबत ओळखपत्राचा फोटो जोडायचा तर नाव आणि चेहरा सोडून लायसन्स नंबर झाका. सोशल सिक्युरिटी नंबर मेलवर कधीही पाठवू नका, या कामासाठी तो द्यायची गरज नाही.

ट्रेनर आपल्या संस्थेकडून दुरुस्ती करून घेतो. चुकीचं कार्ड परत मागितलं तर द्या, पण आधी फोटो आणि झेरॉक्स ठेवा आणि पाठवल्याचा पुरावा राहील अशा पोस्टाने पाठवा. दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे आधी विचारून घ्या. हजेरीच्या कागदावर तुम्ही नाव बरोबर लिहिलं होतं आणि पुढे टाइप करताना बिघडलं असेल तर तसं शांतपणे सांगा. म्हणूनच शेवटच्या दिवशी त्या कागदाचा, निदान स्वतःच्या ओळीचा, ट्रेनरच्या परवानगीने फोटो घेतलेला असला तर बरं पडतं.

कोर्सचाच प्रकार चुकला असेल तर ती चूक कोणाची हे शोधा. तुम्ही कन्स्ट्रक्शनचा वर्ग केला आणि कार्ड जनरल इंडस्ट्रीचं आलं, तर ती छपाईची किंवा अहवालाची चूक आहे आणि दुरुस्त व्हायलाच हवी. वर्गच जनरल इंडस्ट्रीचा केला असेल तर कोणीही ते कार्ड बदलून देऊ शकत नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुली मला बरेचदा विचारतात की जुन्या नावाचं कार्ड बाद होतं का. प्रशिक्षण तुम्हीच घेतलंत, नाव बदलल्याने ते पुसलं जात नाही. कार्डासोबत मॅरेज सर्टिफिकेटची किंवा कोर्टाच्या नावबदलाच्या आदेशाची प्रत ठेवा आणि कंपनीच्या एचआरला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याची नोंद करायला सांगा. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. केवळ नव्या आडनावासाठी बदली कार्ड मागवण्याआधी पुढचा भाग वाचा, कारण बदली कार्डाची संधी मोजकी असते.

हरवलं, फाटलं, धुतलं गेलं

नियम थोडक्यात: एका वर्गासाठी एका विद्यार्थ्याला एकदाच बदली कार्ड मिळतं, आणि प्रशिक्षणाला ५ वर्षं होऊन गेली असतील तर मिळत नाही. ट्रेनरनेही नोंदी ५ वर्षंच ठेवायच्या असतात.

म्हणून कार्ड हरवल्याचं कळल्यावर आधी घर, गाडी, कामाची बॅग आणि लॉकर नीट शोधा. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसमध्येही विचारा, कारण रुजू होताना त्यांनी प्रत घेतलेली असते आणि तिच्यावर ट्रेनरचं नाव, तारीख सगळं असतं. कधी कधी त्या प्रतीवरच काम निभावतं आणि बदली कार्डाची एकुलती संधी शिल्लक राहते. तरीही नाहीच सापडलं तर ट्रेनरला मेल करा: पूर्ण नाव जसं कार्डावर होतं तसं, वर्गाची तारीख आणि जागा, कोर्सचा प्रकार, कार्ड क्रमांक माहीत असल्यास तो, आणि सध्याचा पत्ता. ट्रेनर आपल्या संस्थेकडे मागणी करतो. त्यासाठी शुल्क लागू शकतं. ऑनलाइन केलं असेल तर ट्रेनरऐवजी त्या संस्थेच्या ग्राहक विभागाकडे जा, तिथे तुमच्या खात्यात नोंद असते.

ट्रेनरच सापडत नसेल तर? माणसं निवृत्त होतात, कंपन्या बदलतात, ईमेल बंद पडतात. आधी ज्याने वर्ग ठेवला होता त्याला विचारा: जुनी कंपनी, युनियन हॉल, कॉलेजचा विभाग. मग स्वतःच्या मेलमध्ये 'ओशा' शोधा, पैसे भरल्याची पावती किंवा वर्गाचं निमंत्रण निघतंच. तेव्हा बरोबर बसलेल्या मित्राचं कार्ड हा सर्वांत सोपा मार्ग, कारण त्याच्या कार्डावर तोच ट्रेनर असणार. नाव मिळालं पण माणूस मिळाला नाही, तर कार्ड देणाऱ्या ओटीआय एज्युकेशन सेंटरला थेट लिहा आणि ट्रेनर गाठण्यासाठी काय काय केलं ते सांगा.

५ वर्षं उलटली असतील तर धावपळ करू नका, पुन्हा वर्गाला बसा. एवढ्या काळात नियम बदललेले असतात, आणि पुन्हा ऐकताना साइटवर पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ अधिक लागतो.

कार्ड हातात असताना आत्ताच दोन्ही बाजूंचा फोटो काढून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. सोशल मीडियावर मात्र टाकू नका. क्रमांक आणि क्यूआर कोडसकट टाकलेलं कार्ड खोटी कार्डं बनवणाऱ्यांना आयता नमुना देतं.

मुदत संपते का?

ओशाच्या बाजूने कन्स्ट्रक्शन आणि जनरल इंडस्ट्रीच्या १० आणि ३० तासांच्या कार्डांना मुदत नाही. गोंधळ होतो तो राज्यांच्या आणि कंत्राटदारांच्या अटींमुळे. नेवाडा ५ वर्षांनी नूतनीकरण मागतं, कनेटिकटच्या सार्वजनिक कामांवर गेल्या ५ वर्षांतलंच प्रशिक्षण चालतं, आणि काही कंपन्या स्वतःच्या धोरणाने त्याहून कमी काळ ठरवतात. 'कार्डावर मुदत नाही' हे तुमचं म्हणणं खरं असलं तरी त्यांची अट त्यांच्या साइटवर लागू असते.

न्यूयॉर्क शहर वेगळं आहे

न्यूयॉर्क शहरात मोठ्या बांधकामांवर ओशा ३० पुरत नाही. २०१७ च्या लोकल लॉ १९६ नुसार कामगाराला ४० तासांचं आणि सुपरवायझरला ६२ तासांचं साइट सेफ्टी ट्रेनिंग लागतं, आणि त्याचं एसएसटी कार्ड वेगळं असतं. ते शहराच्या डिपार्टमेंट ऑफ बिल्डिंग्जने मान्य केलेली संस्था देते, तेव्हा हरवलं किंवा चुकलं तर त्या संस्थेकडेच जायचं. ओशाच्या ट्रेनरला विचारून उपयोग नाही.

ओशा ३० आधी केलं असेल तर ते वाया जात नाही. त्यावर ८ तास पडण्यापासून बचावाचे आणि २ तास अंमली पदार्थ व मद्य यांविषयीचे घेतले की ४० पूर्ण होतात. ओशा ३० ऑनलाइन केलं असेल तर ते सक्रिय देखरेखीखाली, म्हणजे परीक्षार्थी तोच आहे ना हे तपासत, झालेलं हवं. एसएसटी कार्ड ५ वर्षांनी संपतं. नूतनीकरणासाठी कामगाराला ८ तास आणि सुपरवायझरला १६ तासांचं प्रशिक्षण मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात घ्यावं लागतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या सहा महिने आधीची आठवण आजच लावा. मुदत उलटल्यावर गेटवर कोणी ऐकून घेत नाही आणि रोजचा पगार बुडतो.

विकत मिळणारं कार्ड

कोणी शंभर डॉलरमध्ये न शिकता कार्ड देतो म्हणाला तर नाही म्हणा. नोकरीची निकड असताना मोह होतो, हे मला समजतं. पण खोट्या कार्डाने फसवणारा आणि ते जाणूनबुजून दाखवणारा, दोघेही कायद्याच्या कचाट्यात सापडतात. सरकारी कामात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. व्हिसावर असलेल्या माणसाला असा डाग किती महाग पडतो, हे वेगळं सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे विजेची तार आणि उघडा खड्डा कार्ड खरं की खोटं ते विचारत नाहीत.

तुम्ही प्रामाणिकपणे पैसे भरले, वर्गालाही बसलात आणि नंतर ट्रेनर बनावट निघाला, तर पावती, मेल आणि वर्गाचे फोटो जपून ठेवा आणि ओशाच्या आउटरीच प्रोग्रॅमकडे तक्रार करा. मालकालाही स्वतःहून सांगा. दुसऱ्या कोणी शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलंत तर विश्वास राहतो.

माणसं कामावर ठेवत असाल तर

छोट्या कंत्राटदारांसाठी थोडं. कामगाराचं मूळ कार्ड स्वतःच्या कपाटात अडकवून ठेवू नका, ते त्याच्याकडे असू द्या आणि तुमच्याकडे दोन्ही बाजूंची प्रत. एका तक्त्यात नाव, कोर्सचा प्रकार, तारीख, ट्रेनर, कार्ड देणारी संस्था आणि त्या राज्याची नूतनीकरणाची तारीख असे रकाने करा. नवीन माणूस आला की क्यूआर कोड त्याच्यासमोर स्कॅन करा. जुन्या, कोड नसलेल्या कार्डाबद्दल शंका आली तर ट्रेनरला किंवा त्याच्या संस्थेला विचारा.

कार्ड नसलेल्या माणसाला दोषी ठरवण्याआधी ते का नाही हे विचारा. कदाचित ९० दिवस अजून झाले नसतील, कदाचित आधीच्या मालकाने कार्ड दाबून ठेवलं असेल. सुरक्षेबद्दल तक्रार केली म्हणून कामगारावर सूड उगवणं कायद्याने मना आहे. असा सूड कोणी उगवलाच तर कामगाराने ३० दिवसांच्या आत ओशाकडे तक्रार दाखल करावी लागते. ही मुदत फार छोटी आहे, आणि ती तुमच्या साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवी. तेव्हा रुजू होण्याच्या दिवशी द्यायच्या कागदांत, कार्डाच्या प्रतीबरोबर, तीही त्याला कळेल अशा भाषेत लिहून द्या.